पेटीच्या सरळ वर

१

कानबाई बसायची त्याच संध्याकाळी सुंदराबाईचा मुलगा कुंदन शॉक लागून गेला.

श्रावणातला रविवार होता, खानदेशातल्या या देवीच्या स्थापनेचा. सुरतेतल्या बमरोलीच्या लूमवाल्यांच्या वसाहतीत घरोघरी खानदेशी बायांची लगबग चालली होती. कुठे चौरंग घासले जात होते, कुठे नैवेद्याच्या रोटांसाठी गूळ चिरला जात होता. सुंदराबाईनं तर यंदा देवीच्या रोषणाईसाठी ललित वायरमनकडून भिंतीत नवी लाइटची पेटी बसवून घेतली होती, कारण घरात नवी सून आली होती आणि तिची ही पहिलीच कानबाई. आदल्या दिवशी पेटी बसली. दुसऱ्या दिवशी कुंदन लूमच्या खात्यातून आला, अंघोळ करून देवीच्या मांडवाकडे गेला आणि त्या पेटीखाली ओल्या फरशीवर कोसळला तो उठलाच नाही. वैशाखात नव्या सुनेनं, सुषमानं, उंबरा ओलांडून भिंतीवर उमटवलेले हळदीचे दोन हात पेटीच्या वर तसेच्या तसे होते.

पोलीस येऊन अपघात म्हणून लिहून गेले. लाइट कंपनीच्या माणसानं पेटी उघडली, टेस्टर लावला, तारा ओढून पाहिल्या. जोडणी पक्की होती आणि पेटीच्या पत्र्यात करंट अजिबात उतरत नव्हता. तो निघून गेला आणि वसाहतीत कुजबूज सुरू झाली. पेटीत दोष नाही, तर मग धडधाकट पोरगा मेला कसा?

दहाव्याच्या आदल्या दिवशी सुंदराबाईच्या पाठच्या खोलीतला भाईदास सरलाबाईंच्या दारात येऊन उभा राहिला. सरलाबाई निकुंभ म्हणजे महापालिकेच्या मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. फळ्याकडे तोंड करून उभ्या असतानाही मागे खडू कोणी फेकला ते बरोबर सांगायच्या, त्यामुळे वसाहतीतले बाप्ये झालेले विद्यार्थीसुद्धा त्यांच्यासमोर विडी लपवत. भाईदास काही त्यांचा विद्यार्थी नव्हता, पण विडी त्यानंही लपवली.

"बाई, उद्या दहावा झाला की पंच बसणार. तुम्ही पण या. ललितला चौकीवर द्यायचं ठरलंय."

"कशाबद्दल?"

"खून केला त्यानं. पेटी त्यानंच बसवली. कुंदन पडला तेव्हा पहिला धावत आला तोच, मेन पाडलं तेही त्यानंच. तेव्हाच जोडणी सुधारून घेतली असणार, नाहीतर पेटी एवढी चांगली निघते कशी? आणि सुषमासाठी आधी त्याच्या आईनं शब्द टाकला होता, हे तर सगळ्या सुरतला माहीत आहे."

सगळ्या सुरतला नाही, पण बमरोलीला माहीत होतं. सुषमाच्या वडलांनी कुंदनची स्वतःची खोली पाहून मुलगी तिकडे दिली होती. ललितनं त्या लग्नाच्या मांडवाला लाइट लावली होती, आणि पैसे घेतले नव्हते.

 कुंदन आणि ललित दोघं सरलाबाईंच्या वर्गात एका बाकावर बसत. एक गेला होता आणि उद्या दुसऱ्यालाही नेणार होते.  पण रडायला उद्याचा दिवसही होता, शोधायला मात्र फक्त आजचाच होता.

"चल," त्या चपला घालत म्हणाल्या, "आधी तुझी भिंत दाखव."

भाईदास दचकला. "माझी भिंत कशाला?"

२

त्याची भिंत बघण्याचं कारण साधं होतं. वसाहतीतल्या खोल्या पाठीला पाठ लावून बांधलेल्या. सुंदराबाईच्या घरातली देवीची भिंत आणि भाईदासच्या घरातली मागची भिंत एकच होती, विटा उभ्या लावून बांधलेली. इकडे कोणी खोकलं तर तिकडे कळावं इतकी पातळ. एवढ्या भिंतीत पलीकडून कोणी काही ठोकलं असेल तर ते अलीकडे पोचणारच.

भाईदासच्या भिंतीवर एकच खिळा होता, दाराच्या बाजूला, गंजलेला. त्यावर कॅलेंडर टांगलेलं. कॅलेंडरमागचा चुना जुना आणि अखंड होता. बाईंनी बोट फिरवून पाहिलं. त्या बाजूनं भिंतीला कोणी हात लावलेला नव्हता.

मात्र खिडकीतून आत आलेली एक काळी तार त्यांच्या नजरेतून सुटली नाही. ती बाहेरच्या खांबावर गेली होती, मीटरकडे नाही. आकडा टाकून चोरीची लाइट जाळणाऱ्याला कंपनीची माणसं पुन्हा वसाहतीत यायला नकोच असणार. ललितवर सगळं ढकलून प्रकरण मिटवायची भाईदासला घाई का, ते बाईंना तिथेच कळलं. 

"प्रेताला अंघोळ कोणी घातली?"

"मी आणि अजून दोघं." भाईदासचा आवाज पहिल्यांदा उतरला. "बाई, माझ्या मांडीवर वाढलं ते पोर. उजव्या तळहातावर वळ होता त्याच्या. असा आडवा, बारीक, करपलेला. तार धरावी तसा."

"पेटीला हात लागला असता तर बोटाचं टोक भाजलं असतं," बाई हळूच म्हणाल्या. "पेटी धरता येते का कधी मुठीत?"

 भाईदास एकदम आठवल्यासारखा म्हणाला, "पण रविवारीसुद्धा तो आला होता, बाई! दुपारी लाइट काप होता. सगळे लूम बंद. नाहीतर या वसाहतीत कानाशी बोललेलं ऐकू येत नाही, पण त्या दुपारी कसं चिडीचूप झालेलं. मी इथेच पडलो होतो आणि भिंतीतून ठक ठक ठक, हातोडीचा आवाज. मी मनात म्हटलं, काल संपवून गेला होता, आज परत काय ठोकतोय हा ललित?"

"तू त्याला पाहिलंस?"

"पाहिलं कसं असेन? मधे भिंत आहे. पण भिंतीवर हातोडी दुसरं कोण चालवणार?"

बाई उठल्या. ललितला हा प्रश्न विचारायलाच हवा होता, आणि त्यानं खोटं उत्तर दिलं तर त्यांना ते कळणार होतं.

३

ललित घराच्या ओट्यावर बसला होता. पुढ्यात हत्यारांची थैली, तिला त्या दिवसापासून हात लावलेला नव्हता. बाईंना पाहून उठला, पण त्यांच्या डोळ्यांत काही त्यानं पाहिलं नाही.

"रविवारी दुपारी कुठे होतास?"

"पलसाण्याला, बाई. डाइंगच्या मिलमध्ये मोटर बसवत होतो. हिलालभाऊच्या टेम्पोतून सकाळी गेलो, संध्याकाळी त्याच टेम्पोतून उतरलो आणि सुषमाची किंकाळी ऐकली."

हिलाल समोरच टेम्पो धूत होता. त्यानं तिथूनच हात वर करून सांगितलं, "खरं शे बाई. सकायले मीच लई गऊ, संध्याकायले मीच लई उनू."

म्हणजे दुपारची हातोडी ललितची नव्हती. बाईंना हायसं वाटलं, पण ललितच्या चेहऱ्यावर सुटकेचं काही चिन्ह नव्हतं.

"मला काम समजावून सांग," त्या म्हणाल्या. "तयार भिंतीत पेटी कशी बसवतात?"

विचारल्यावर हात आपोआप हलायला लागले त्याचे. "पेटीच्या मापाची चौकट पेन्सिलनं आखायची. छिन्नीनं प्लास्टर उडवायचं, मग वीट. भिंत पातळ असली तर हलक्या हातानं, नाहीतर पलीकडे भोक. मग वर छताजवळच्या लाइनपर्यंत झिरी मारायची, म्हणजे उभी खाच, तिच्यात नळी, नळीत वायर. पेटी बसवून सिमेंटनं पक्की करायची, झिरी बुजवायची, चुन्याचा हात फिरवायचा. काही झालंय असं दिसता कामा नये."

"आणि नंतर घरातल्यांना कसं कळणार वायर कुठे आहे?"

"वायर सरळच जाते ना बाई. पेटीतून सरळ वर. म्हणून मी प्रत्येक घरात निघताना सांगतो, पेटीच्या सरळ वर खिळा मारू नका, बाकी कुठेही मारा."

"सुंदराबाईला सांगितलंस?"

"सांगितलं." एवढं बोलून तो थांबला, आणि त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. "सवयीनं सांगितलं."

"सवयीनं म्हणजे? तिच्या घरी वायर सरळ नाही नेलीस का?"

ललित उत्तर देईना. वर्गात कुंदननं केलेल्या खोडीची छडी खाताना तो असाच ओठ घट्ट मिटून उभा राहायचा, ते बाईंना आठवलं. शेवटी एवढंच म्हणाला, "माझ्या कामानंच गेला तो. कसा ते मला कळत नाही. पण पंच म्हणतील ते मी ऐकणार. तुम्ही यात पडू नका बाई."

निर्दोष माणूस स्वतःहून फासात मान घालायला निघाला की त्यामागे दुसरं कोणीतरी उभं असतं, हे इतक्या वर्षांत बाईंना पक्कं ठाऊक होतं. कोणाला वाचवत होता हा? आणि रविवारी दुपारी त्या भिंतीवर हातोडी कोणी चालवली?

४

सुंदराबाईच्या खोलीत कानबाईच्या मांडवाचं काही उरलं नव्हतं. चौरंग उलटा करून कोपऱ्यात ठेवला होता. सुंदराबाई भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडली होती. तिच्या उशाशी सुषमा बसलेली, कपाळ मोकळं. तिच्याकडे पाहवत नव्हतं.

"बठा बाई," सुंदराबाई न वळताच म्हणाली. "मन्हा कुंदन तुमनं नाव काढे. बाईस्नी माले गणित शिकाडं, म्हने."

 बाई जवळ खाली बसल्या.

कुंदनचा नवा फोटो पिठाच्या डब्याला टेकवून जमिनीवर ठेवला होता. हार घातलेला, पुढे दिवा.

"फोटो खाली का गं ठेवलाय?"

"भिंतीत खिळा नाही," सुषमा झटकन म्हणाली. जरा जास्तच झटकन. सुंदराबाईच्या पाठीचा कणा त्या शब्दासरशी ताठ झाला.

बाईंची नजर भिंतीवर गेली. भिंत पांढरीशुभ्र होती, देवीसाठी चुना दिलेला, फक्त हळदीचे दोन हात तेवढे सोडले होते. एका शेजारणीनं सुचवलं होतं की आता तेही चुन्यानं झाकून टाका. त्यावर सुंदराबाईनं त्या बाईला हात धरून घराबाहेर काढलं होतं, असं वसाहतीत सगळे सांगत होते.

मग त्यांना मुंग्या दिसल्या. लाल मुंग्यांची एक रांग फरशीवरून भिंतीवर चढत होती, देव्हाऱ्याकडे नाही, पिठाच्या डब्याकडे नाही, तर उजव्या हाताच्या छापाच्या बाजूला, वीतभर अंतरावर, साध्या पांढऱ्या भिंतीत. तिथे जाऊन त्या नाहीशा होत होत्या. कोरड्या चुन्यात मुंग्यांचं काय काम? बाई उठल्या, केसातली पिन काढली आणि त्या जागी हलकेच टोचली. वरचा चुन्याचा पापुद्रा गळाला. आत वाळलेली कणीक होती, गुळाच्या वासाची. आणि कणकेमागे खिळ्याएवढं भोक.

त्यांनी सुषमाकडे पाहिलं. सुषमाचे डोळे मोठे झाले होते. ती नुसती मान हलवत होती, नाही, नाही, आत्ता नको, आणि सासूच्या पाठीकडे बोट दाखवत होती.

बाई मागे सरून भिंतीकडे पाहत राहिल्या. खाली पेटी. वर छताजवळची लाइन. आणि दोन्हींच्या बरोबर मधे ते हात. झिरी सरळ वर गेली असती तर छिन्नी त्या हातांतूनच गेली असती. पण हात अखंड होते, एका बोटाचा टवकाही उडाला नव्हता.

"सुषमा," त्या म्हणाल्या, "चल, तुला पाणी आणायला मदत करते."

५

सार्वजनिक नळावर त्या वेळी कोणी नव्हतं. सुषमानं कळशी नळाखाली ठेवली, पण नळ सोडला नाही.

"खिळा आईंनी मारला होता ना?" बाईंनी विचारलं.

सुषमा जी बसली ती उठलीच नाही. बोलत मात्र गेली.

"शनिवारी आम्ही दोघी दळणाला आणि बाजाराला गेलो होतो. परत आलो तर पेटी बसलेली, भिंत पांढरी. ललित म्हणाला, पेटीच्या सरळ वर खिळा मारू नका. आईंनी ते चांगलं लक्षात ठेवलं, बाई. रविवारी दुपारी मांडवाची तार बांधायला त्यांनी खिळा मारला, तेव्हा मला दाखवून म्हणाल्या, हे बघ, पेटी सोडून बाजूला मारते. लाइट नव्हती. तारेचं दुसरं टोक दाराच्या चौकटीला बांधलं, तारेवर साड्या सोडल्या. मग त्या बायांबरोबर गाणी म्हणायला बाहेर बसल्या. लाइट आली. हे आले. एक साडी सरकली होती, ती नीट करायला ह्यांनी ओल्या हातानं तार धरली. मी गुळाच्या पाण्यात पीठ भिजवत होते. माझ्यासमोर झालं."

"आणि खिळा?"

"सगळे ह्यांना घेऊन गेले. आईंना शुद्ध नव्हती. मेन बंदच होतं. मी साड्या आणि तार काढली, सांडशीनं खिळा ओढला. भोक दिसत होतं. परातीत कणीक होती. तुम्हाला माहीत आहे ना बाई, रोटाला घरातल्या पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. आमच्या घरात पुरुष एकच. त्यांच्याच नावाची कणीक ती. तीच भरली मी भिंतीत, वरून चुन्याचं बोट फिरवलं. कोणी आईंना सांगितलं की तुमच्या खिळ्यानं तुमचा मुलगा गेला, तर त्या जगतील का?"

"आणि ललित?"

"मला वाटलं, पेटी तपासतील, चांगली निघेल, त्याला कोणी काही म्हणणार नाही. उलटंच झालं. आता बोलले तर आई जातात, नाही बोलले तर तो जातो." तिनं पहिल्यांदा बाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "पण वायर तिथे आली कशी हो? तिथे नव्हती ना असायला पाहिजे?"

सांगू नये असं बाईंना फार वाटलं. पण अर्धं सत्य या पोरीला जन्मभर कुरतडत राहिलं असतं.

"सरळ वर तुझे हात होते," त्या म्हणाल्या. "त्यांच्यावर छिन्नी ठेवायला त्याचा हात धजला नाही. त्यानं वायर वळसा घालून बाजूनं नेली. कोणाला सांगितलं नाही, सांगणार तरी कसं? आणि निघताना सवयीनं तेच बोलून गेला, जे प्रत्येक घरी बोलतो."

सुषमानं आपले दोन्ही तळहात समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मग ते पदराखाली झाकून घेतले.

सरलाबाईंना सगळं उलगडलं होतं, आणि इतकं वाईट त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. इथे कोणीच गुन्हेगार नव्हता. एकानं जपून झिरी मारली, दुसरीनं जपून खिळा मारला, आणि त्या दोघांच्या जपण्यात कुंदन गेला. उद्या पंचांपुढे हे कसं मांडायचं? खिळ्याचं सांगावं तर आई मरणार. वायरीचं सांगावं तर या विधवा पोरीच्या नावाला डाग लागणार. आणि काहीच सांगितलं नाही तर ललितला नेणार.

६

दुसऱ्या दिवशी दहावा करून तापीवरून माणसं परतली आणि पटांगणात बसली. एका बाजूला बाया, सुंदराबाईला दोघींनी धरून आणलेलं. ललित एकटा उभा होता.

सरलाबाई बोलायला उठल्या. कुंदनच्या तळहातावरचा वळ तारेचा होता, हे त्यांनी भाईदासकडूनच वदवून घेतलं. दुपारी लाइट नसताना भिंतीवर हातोडी चालली तेव्हा ललित पलसाण्याला होता, हे हिलालनं सांगितलं. पेटीत दोष नव्हता, कारण करंट पेटीत नव्हताच. मांडवाच्या तारेचा खिळा भिंतीतल्या वायरीत घुसला होता, आणि लाइट आल्यावर सगळी तार जिवंत झाली. भिंतीत भोक आहे, ज्याला बघायचं असेल त्यानं बघावं.

"मग खिळा कोणी मारला?" भाईदासनं विचारलं.

बाईंनी सुंदराबाईकडे बघायचं टाळलं.

"ज्यानं मारला त्याच्या हातून अपघात झाला, एवढंच समजा," त्या म्हणाल्या. "आणि भाईदास, फार खोलात जायचं असेल तर कंपनीच्या माणसांना परत बोलावू. ते सगळ्यांच्याच तारा बघतील."

भाईदास खाली बसला. पण आता दुसरेच दोघे-तिघे उठले. वायर तर पेटीच्या सरळ वर असते, मग खिळा बाजूला असताना घुसला कसा? वायर वाकडी नेली असेल तर का नेली? बोलायला लावा त्याला!

ललितनं मान वर केली. "चूक माझी आहे. सरळ न्यायची ती मी वळसा घालून नेली. सांगितलंही नाही. मला न्या."

"पण वळसा का घातलास?"

त्यानं मान पुन्हा खाली घातली. आणि मग एकेकाची नजर त्याच्यावरून निघून बायांकडे वळायला लागली, सुषमाकडे. 

"खिया मी ठोका."

सगळे वळले. सुंदराबाई उठली होती. धरलेल्या दोघींचे हात तिनं बाजूला सारले.

"मांडवनी तारले खिया मी ठोका, मन्हाच हातनी. दुसऱ्या दिशी फोटो टांगाले गऊ तवय खिया नही व्हता. बोट लाई दखं त कणीक लागनी. तवयच माले समजनं. पन तोंडमाईन शब्द निंघे ना." ती ललितकडे वळली, मग लोकांकडे. "अन् वायर वाकडी लई जा, असं बी मीच त्याले सांगेल व्हतं. मन्ही सूनना हात शेत ते, त्यास्ले छिन्नी लावू नको, म्हनं. मीच सांगं अन् मीच इसरी गऊ. पोऱ्याले कोनी बोल लावू नका."

 एकेक जण उठून जायला लागला.

सरलाबाई जागच्या हलल्या नाहीत. यातला खिळा खरा होता आणि वायरीची गोष्ट खोटी होती. वायर कुठे आहे हे जिला माहीत होतं, तिनं नेमका तिथेच खिळा मारला नसता, आणि शनिवारी काम चाललं तेव्हा ती घरी नव्हतीच. सुंदराबाईनं भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या तेच हात पाहिले होते आणि बाईंसारखंच सगळं जुळवलं होतं. मुलगा गमावलेल्या त्या बाईनं दुसऱ्याच्या मुलाचं आणि आपल्या सुनेचं नाव जाऊ नये म्हणून उरलेला दोषही स्वतःच्या पदरात घेतला होता. खोटं पकडण्यात ज्यांचा जन्म गेला त्या सरलाबाईंनी हे खोटं तसंच राहू दिलं. खाली मान घालून त्या रडत होत्या, आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती.

ललितनं दुसऱ्या दिवशी वायर काढून टाकली, झिरी बुजवली. निघताना त्यानं काहीच सांगितलं नाही, पण सुंदराबाईनंच त्याला थांबवलं.

"कुंदनना फोटो टांगना शे."

"कुठे टांगू काकू?"

ती बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिली. "हातना वर. पेटीना सरय वर. तठे कव्हय वायर नव्हती ना?"

"नाही काकू," ललित म्हणाला. "तिथे कधीच नव्हती."

"मेन बंद कर."

वायर काढल्यावर त्याची काही गरज नव्हती, पण त्यानं मेन पाडलं. सुषमानं फोटो उचलून छातीशी धरला. सुंदराबाईनं ललितच्या हातातली हातोडी घेतली, हळदीच्या हातांच्या वर खिळ्याचं टोक टेकवलं आणि हलके हलके ठोकायला लागली. बाहेर लूम चालू होते, त्यामुळे भिंतीपलीकडे भाईदासला काही ऐकू गेलं नाही.